आर्ट डेको हॉटेलात उतरताना : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक फ्लोरिडातल्या मायामी बीच या बेटावरच्या साउथ बीच भागातल्या जुन्या आर्ट डेको (१९२०-३०च्या दशकांतली वास्तुशैली) हॉटेलांविषयी आहेत. डिसेंबरच्या सुट्टीची बुकिंग सुरू झाली की हे प्रश्न येणारच. एक पत्र मुंबईविषयीही आहे.

प्रश्न : आम्ही दोघं आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुलं असे मायामी बीचला जाणार आहोत. ओशन ड्राइव्हवरचं १९३०च्या दशकातलं एक बुटीक हॉटेल आवडलंय. लॉबीचे फोटो बघून डोळे दिपतात, पण खोली १७० चौरस फुटांची! एवढं भाडं घेऊन एवढीशी खोली, ही फसवणूक नाही का? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

फसवणूक नाही, इमारतच तशी आहे. साउथ बीचची बहुतेक हॉटेलं १९३५ ते १९४१ या काळात उभी राहिली, आणि ती थंडीला कंटाळून उत्तरेकडून येणाऱ्या मध्यमवर्गीयांसाठी होती. प्लॉट साधारण ५० फूट रुंदीचा, त्यावर बहुतेक ठिकाणी तीन मजले, मधून अरुंद पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. पाहुण्यांनी दिवस वाळूवर घालवावा, संध्याकाळी ओसरीत खुर्च्या टाकून बसावं आणि खोलीत फक्त झोपायला जावं, असा सगळा हिशेब. म्हणून हेन्री होहॉझर, एल. मरे डिक्सन, अल्बर्ट ॲनिस या वास्तुकारांनी सगळी हौस दर्शनी भिंतीवर आणि लॉबीत फेडली. खोली म्हणजे चार भिंती आणि एक खिडकी.

नूतनीकरणातही हाच भेद राहिला आहे. शहराच्या वारसा मंडळाची नजर मुख्यतः इमारतीच्या बाहेरच्या रूपावर आणि लॉबीसारख्या महत्त्वाच्या सार्वजनिक जागांवर असते. खोल्या आतून पार सोलून नव्या केल्या तरी चालतात, आणि बहुतेक ठिकाणी तसंच झालं आहे. म्हणजे डेको बघायचं ते लॉबीत, ओसरीत आणि जिन्यात. खोलीत शिराल तेव्हा ती एक लहान, आधुनिक खोली समजूनच शिरा.

आता तुमच्या १७० चौरस फुटांचा हिशेब. क्वीन पलंग पाच फूट बाय सहा फूट आठ इंच, म्हणजे ३३ चौरस फूट. बाथरूमला ३५ ते ४०. दाराजवळची जागा, कपाट आणि छोटा फ्रिज मिळून २० ते २५. उरली पंचाहत्तरच्या आसपास, आणि तीही पलंगाभोवती पट्ट्या-पट्ट्यांत वाटलेली. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. दोघांना चालून जाईल, चौघांना नाही. एवढ्या खोलीत जादा खाट टाकायला बहुतेक हॉटेलं नकारच देतात, कारण दाराकडे जायची वाट अडते.

चौघांसाठी दोन मार्ग. पहिला, दोन जुन्या खोल्यांमधली भिंत पाडून केलेला सुईट घ्या. तीनशेच्या वर चौरस फूट लिहिले असतील तर बहुधा तसाच असतो. दुसरा, आतून दार असलेल्या दोन खोल्या. इथे शब्द नीट वापरा: 'कनेक्टिंग' म्हणजे मध्ये दार, 'अ‍ॅडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. वेबसाइटवर खूण केली म्हणजे 'कनेक्टिंग' नक्की झालं असं समजू नका. हॉटेलला मेल टाकून खोल्यांचे प्रकार आणि 'गॅरंटीड' हा शब्द लेखी घ्या. आणि बुकिंगआधी वयाची अट वाचा. इथली काही हॉटेलं फक्त प्रौढांसाठी आहेत आणि ती गोष्ट बारीक अक्षरांत असते.

प्रश्न : माझी झोप फार सावध आहे. ओशन ड्राइव्हवर रात्रभर गोंगाट असतो असं ऐकलं. खोली कोणती मागावी? – एक वाचक, डॅलस

खोलीचा दर्जा काय यापेक्षा तिचं तोंड कुठे आहे ते विचारा. इथे महागडी खोली हीच सगळ्यात गोंगाटाची असू शकते.

समोरच्या बाजूला ओशन ड्राइव्ह. खाली ओसरीवरचं रेस्टॉरंट, शेजारचा बार, मोठमोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या गाड्या. गुरुवार ते रविवार हे उशिरापर्यंत चालतं. त्यात पाटीचा निऑन दिवा खिडकीलगत असेल तर पडदा ओढूनही कडेने निळा-लाल उजेड आत येतो, आणि जुना ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणतो. कोपऱ्यावरची गोलाईदार खिडक्यांची खोली फोटोत सगळ्यात देखणी दिसते. तिला दोन बाजूंनी आवाज लागतो.

मागच्या बाजूला ओशन कोर्ट नावाचा बोळ आहे, ओशन ड्राइव्ह आणि कॉलिन्स अ‍ॅव्हेन्यूच्या मधला. स्वयंपाकघराचे एक्झॉस्ट पंखे, बार बंद झाल्यावर डब्यात ओतल्या जाणाऱ्या काचेच्या बाटल्या, आणि सकाळी कचऱ्याची गाडी. 'शांत, मागची खोली' असं सांगून ही देतात. पहाटे जाग आणायला ती पुरेशी आहे.

उरल्या बाजूच्या खोल्या. शेजारची इमारत काही फुटांवर, त्यामुळे खिडकीतून दिसते ती तिची भिंत. वेबसाइटवर यांना 'स्टँडर्ड' किंवा 'सिटी व्ह्यू' म्हणतात आणि त्या स्वस्तही असतात. सावध झोपेच्या माणसाने हीच खोली घ्यावी. मजला तिसरा, जागा पॅसेजच्या मध्यावर, लिफ्ट आणि बर्फाच्या मशिनपासून लांब. गच्चीवर बार किंवा तलाव असेल तर मात्र दुसरा मजला, नाहीतर खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर येतो. आणि मध्ये दार असलेली खोली नको म्हणा. एडिसनच्या वाचकांना जे दार हवं आहे, तेच तुमच्या कामाचं नाही: भिंत अडवते तेवढा आवाज दार अडवत नाही.

खोलीत गेल्यावर आधी खिडकी तपासा. १९९२च्या ॲन्ड्र्यू चक्रीवादळानंतर या भागातले बांधकामाचे नियम फार कडक झाले. त्यामुळे बदललेल्या खिडक्यांना दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली जाड, वादळ सोसणारी काच असते, आणि तीच आवाजही चांगला अडवते. जुनी लोखंडी चौकटीची, एकेरी तावदानाची खिडकी दिसायला सुंदर. मात्र ती पुरती बसत नाही आणि फटीतून आवाज, दमट हवा दोन्ही येतं. खिडकी बंद करून कडेने तळहात फिरवा. गार-गरम झुळूक लागली तर बॅग उघडण्याआधीच खाली जा.

विनंती बुकिंगच्या वेळी लिहून ठेवा, पण खोल्यांचं वाटप बहुधा त्या दिवशी सकाळी होतं. पोहोचण्याच्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास केलेला एक फोन हा महिन्यापूर्वीच्या मेलपेक्षा जास्त कामाचा.

प्रश्न : गेल्या खेपेला अशाच एका हॉटेलात खोलीला कुबट वास होता. रिसेप्शनवाले म्हणाले, जुनी इमारत आहे, चालायचंच. खरंच चालायचं? – एक वाचक, अटलांटा

चालायचं नाही. वास इमारतीच्या वयाचा नसतो, ओलीचा असतो.

बहुतेक वेळा कारण एसीत असतं. छोट्या खोलीला मोठ्या ताकदीचा एसी बसवला की खोली पाच मिनिटांत गार होते आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार पण चिकट, चादर दमट. त्यात पंखा 'ऑन'वर असेल तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही तो फिरत राहतो आणि एसीच्या आतल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) जमलेलं पाणी पुन्हा हवेत सोडतो. म्हणून पंखा 'ऑटो'वर ठेवा, तापमान २४-२५ अंशांवर. १८वर लावून बाहेर जाऊ नका: थंड झालेल्या भिंतीवर बाहेरची दमट हवा आली की पाणी सुटतं. ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवा. बाल्कनीचं दार उघडं ठेवून एसी लावणं तर अजिबात नको.

दोन तासांत वास कमी झाला नाही तर एसीच्या जाळीवर काळे ठिपके, खिडकीखालच्या भिंतीला फुगवटा आणि पलंगामागची भिंत बघा. यातलं काहीही दिसलं तर फोटो काढून खोली बदलून मागा. अत्तराचा फवारा मारून देतो म्हणाले तर नको म्हणा.

बाहेरच्या छज्ज्याखाली तपकिरी ओघळ किंवा उडालेलं काँक्रीट दिसलं तर त्याचं कारण वेगळं. खारं वारं काँक्रीटमध्ये शिरतं, आतली सळई गंजते, गंज सळईपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचा थर फोडून बाहेर येतो. मरीन ड्राइव्हला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. खोलीत राहायला त्याने धोका असतोच असं नाही, पण तशा छज्ज्याखाली खुर्ची टाकून बसू नये.

प्रश्न : वेबसाइटवर २२० डॉलर दिसले, बिल ३००च्या वर गेलं. हे कसं? – एक वाचक, टोरांटो

२२० भाडं, त्यावर 'रिसॉर्ट फी' धरा ४५, झाले २६५. मायामी बीचवर हॉटेलच्या खोलीवर एकूण कर १४ टक्के (विक्रीकर, अधिवेशन कर आणि शहराचा रिसॉर्ट कर मिळून), आणि तो फीवरही लागतो: ३७ डॉलर १० सेंट. रात्रीचे ३०२ डॉलर १० सेंट. १२ मे २०२५पासून अमेरिकेत सक्तीची फी धरूनच भाडं दाखवायचा नियम आहे. कर मात्र अजूनही नंतर जोडता येतो. म्हणून तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडा घ्या.

रिसॉर्ट फीच्या बदल्यात काय मिळतं ते विचारा: समुद्रकाठी दोन खुर्च्या, टॉवेल, पाणी. छत्री बऱ्याचदा वेगळी असते. फी भरलीच आहे तर खुर्च्या सोडू नका.

गाडी घेऊन जात असाल तर आणखी एक खड्डा. या इमारती बांधल्या तेव्हा आवारात गाड्या लावायची सोय नव्हती, आजही बहुतेकांना नाही. व्हॅले पार्किंगचे (हॉटेलचा माणूस गाडी नेऊन लावतो ते) रात्रीचे सहज ४०-५० डॉलर जातात. सातव्या आणि तेराव्या रस्त्याजवळ नगरपालिकेची बहुमजली वाहनतळं आहेत, ती स्वस्त पडतात. सणावाराला आणि मार्चमधल्या कॉलेजच्या सुट्टीत मात्र त्यांचे दरही वाढतात. खरं तर इथे गाडी लागतच नाही: शहराची ट्रॉली फुकट आहे आणि पाचव्यापासून पंधराव्या रस्त्यापर्यंतचा पट्टा पायी वीस मिनिटांचा.

डिपॉझिटसाठी कार्डावर होल्ड ठेवतात. त्याला क्रेडिट कार्डच द्या. डेबिट कार्डातले खरे पैसे हॉटेल सोडल्यावरही काही दिवस अडकून राहतात.

प्रश्न : 'रिस्टोर्ड आर्ट डेको' असं सगळेच लिहितात. खरं जुनं आणि नुसतं रंगवलेलं यातला फरक आमच्यासारख्यांनी कसा ओळखावा? – एक वाचक, पुणे

खाली बघा. जमीन खोटं बोलत नाही. खऱ्या जुन्या लॉबीत टेराझो असतो: सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून जागेवरच ओतलेला आणि घासून चकचकीत केलेला. आपल्याकडच्या मोझॅकचाच हा भाऊ, फक्त फरशा नाहीत, अखंड. रंग जिथे बदलतात तिथे पितळेची किंवा जस्ताची बारीक पट्टी. जुन्या कामात या पट्ट्या वळणं घेतात, नक्षी बहुधा दारातून आत, रिसेप्शनकडे नेते, आणि तोच टेराझो ओसरीवरून उंबरठा ओलांडून आत आलेला असतो. मधूनमधून भेगा आणि किंचित वेगळ्या छटेचे डाग दिसले तर उत्तम, ती डागडुजी आहे. चौकोनी सांधे दिसले तर त्या नव्या टाइल. (टेराझोवर लिंबू किंवा शीतपेय सांडलं तर लगेच पुसा. आम्ल संगमरवर आणि सिमेंट दोन्ही खातं आणि चकाकी गेलेला डाग पुन्हा घासल्याशिवाय जात नाही. पावसानंतर ओसरीवरचा टेराझो अतिशय निसरडा होतो.)

मग भिंती. शेकोटीच्या किंवा दाराच्या चौकटीला सच्छिद्र, शिंपल्या-प्रवाळांच्या खुणा असलेला दगड दिसला तर तो फ्लोरिडाचा स्थानिक 'कीस्टोन', बरेचदा गुलाबी किंवा हिरव्या छटेत रंगवलेला. होहॉझरच्या १९३८च्या एसेक्स हाऊसच्या लॉबीत एव्हरग्लेड्सच्या दलदलीचं भित्तिचित्र आहे. अशी एखादी जागेसाठीच केलेली गोष्ट शोधा. बाहेर खिडक्यांवरचे छज्जे, ज्यांना तिथे 'आयब्रो' म्हणतात, ते काँक्रीटचे आणि भिंतीशी एकसंध हवेत. ते शोभेचे नाहीत, एसी नव्हता तेव्हा दुपारचं ऊन अडवायला होते.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्यांना चकवते: रंग. फिकट गुलाबी, पुदिना, पिवळा ही जी साउथ बीचची ओळख झाली आहे, ती १९३०च्या दशकातली नाही. तेव्हा इमारती बहुतांशी पांढऱ्या किंवा सायीच्या रंगाच्या, कडांना एखादा रंग. आजची रंगसंगती लिओनार्ड होरोविट्झ या डिझायनरची, १९८०च्या दशकातली. बार्बरा बेअर कॅपिटमन आणि त्याने मिळून हा भाग वाचवायची चळवळ उभी केली. १९७६मध्ये मायामी डिझाइन प्रिझर्व्हेशन लीग स्थापन झाली, १९७९मध्ये हा विभाग राष्ट्रीय वारसा यादीत गेला. पण त्या यादीने खाजगी मालकाचा हात धरता येत नाही. १९८८मध्ये सेनेटर हॉटेल यादीत असूनही पाडलंच. इमारतींना खरं संरक्षण मिळतं ते शहराच्या स्वतःच्या नियमांनी.

काही ठिकाणी फक्त समोरची भिंत आणि लॉबी ठेवून मागे नवी उंच इमारत चढवली आहे. वाईट म्हणवत नाही, खोल्या मोठ्या मिळतात. पण जुन्या इमारतीत राहायचं म्हणून जास्त पैसे मोजणार असाल तर उपग्रह नकाशावर छप्पर बघा आणि 'माझी खोली मूळ इमारतीत की मागच्या नव्या भागात?' हे थेट विचारा.

न उतरताही लॉबी बघता येतात. ओशन ड्राइव्हवर दहाव्या रस्त्याजवळच्या आर्ट डेको वेलकम सेंटरमधून लीगच्या पायी सहली निघतात. त्यात आतून दाखवतात.

प्रश्न : आई-बाबा ठाण्याहून येणार आहेत, दोघांनाही गुडघ्यांचा त्रास आहे. – एक वाचक, टँपा

चार गोष्टी लेखी विचारा. ओसरीला पायऱ्या किती आणि रॅम्प कुठून (बरेचदा बाजूच्या गल्लीतून असतो). लिफ्ट आहे का, आणि तिच्यात व्हीलचेअर मावते का; जुना लिफ्टचा खड्डा अरुंद असतो. बाथरूममध्ये टब आहे की सपाट जमिनीचा शॉवर. टबची कड साधारण १४-१५ इंच उंच असते आणि तीच गुडघ्यांना नडते. पकडायला दांडा आहे का. यातल्या एकाचंही उत्तर 'बहुतेक' असं आलं तर दुसरं हॉटेल बघा.

प्रश्न : डेको इमारतींसाठी मायामीला कशाला जायचं? आपल्या मुंबईत उतरता येत नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

येतं, पण निवड फार थोडी. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची रांग आणि मरीन ड्राइव्ह हे २०१८मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या ९४ इमारतींच्या समूहात आहेत. मात्र मायामीत हॉटेलं बांधली गेली, मुंबईत राहती घरं. गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुकारांनी इथे फ्लॅट बांधले, आणि त्यांतले कितीतरी आजही जुन्या भाडेकरूंकडे आहेत. मालकाला वाटलं म्हणून त्यांचं हॉटेल होत नाही. मरीन ड्राइव्हवर सी ग्रीनसारखी मोजकी हॉटेलं तेवढी आहेत.

बुकिंग करताना समुद्राकडची खोली आणि बाल्कनी उघडी आहे की काचेने बंद केलेली, हे विचारा. जून ते सप्टेंबर समुद्राकडच्या खिडकीतून पावसाचे शिंतोडे आणि खारट दमटपणा येणार हे धरूनच चला. जुनी लिफ्ट असेल तर जाळीची दोन्ही दारं पूर्ण ओढल्याशिवाय ती हलत नाही. आणि वर बाहेरचं दार उघडं टाकून निघून गेलात तर खालचे लोक ताटकळतात. सकाळी उन्हं चढायच्या आत चर्चगेटचं इरॉस सिनेमागृह (१९३८), मग फोर्टातली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत (१९३६) बघा. मास्टर, साठे आणि भुता यांच्या या इमारतीवरची कष्टकऱ्यांची उठावशिल्पं ना. ग. पानसरे यांची आहेत. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघितलीत तर मान अवघडणार नाही.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मायामी बीच निम्म्या दरात मिळतं. घ्यावं का? – एक वाचक, शार्लट

घ्या, पण रद्द करता येणारंच. चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. हे बेट असल्यामुळे रिकामं करायचा हुकूम मुख्य भूमीवरच्या मायामीच्या बहुतेक भागाआधी इथे निघतो. 'नॉन-रिफंडेबल' दर घेतला तर हुकूम निघाल्यावर पैसे परत मिळतील की नुसती तारीख बदलून मिळेल, हे हॉटेलच्या अटींत बघा. प्रवास विमा वादळाला नाव पडण्याआधी घेतलेला असावा लागतो, नंतर घेतलेला त्या वादळाला लागू होत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये मोठ्या भरतीला काही रस्त्यांवर कोरड्या हवेतही खारं पाणी साचतं. त्याचा त्रास बेटाच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला जास्त, ओशन ड्राइव्हला कमी. गाडी असेल तर ती त्या दिवसांत वरच्या मजल्यावर लावा.